विश्लेषण : चालू यंत्रणेच्या पोटात डोकावणारे ‘एफट्रेस’ काय आहे?

पैसे पाठवताना ॲप क्षणभर अडकते, व्हिडीओ मध्येच थबकतो, सर्व्हर एकाएकी मंदावतो. दोष ॲपचा, नेटवर्कचा की त्याखालच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, हे बाहेरून कळत नाही. लिनक्समध्ये ते शोधण्यासाठी ‘एफट्रेस’ ही सोय आहे आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच असल्याने फोनच्या तपासणीतही तीच कामी येते. मात्र याच सोयीच्या सुरुवातीच्या रूपाने २००८ मध्ये काही संगणकांची नेटवर्क कार्डे निकामी केली होती. ते कसे घडले आणि त्यानंतर काय बदलले?

कर्नल नेमके काय करते?

फाइल उघडणे, नेटवर्कवर माहिती पाठवणे, कोणत्या ॲपला प्रोसेसर किती वेळ द्यायचा हे ठरवणे, ही कामे ॲप स्वतः करत नाही. ते कर्नलकडे विनंती करते. कर्नलमध्ये त्यासाठी हजारो छोटी फंक्शन्स असतात आणि एका साध्या विनंतीमागेही ती एकमेकांना साखळीने बोलावतात. कोणते फंक्शन कधी चालले, त्याला कोणी बोलावले आणि ते किती वेळ अडकले, याची नोंद ठेवणे म्हणजे ट्रेसिंग. स्टीव्हन रॉस्टेट यांनी विकसित केलेले एफट्रेस ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२७ पासून मूळ कर्नलचा भाग झाले.

सतत नोंदी घेतल्यास यंत्रणा मंदावणार नाही का?

प्रत्येक फंक्शनला प्रत्येक वेळी हजेरी द्यायला लावले, तर ती नक्कीच मंदावेल. यावरची युक्ती अशी : कर्नल तयार करतानाच जवळपास प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटी जागा राखली जाते. एरवी तिथे ‘नॉप’, म्हणजे ‘काहीही करू नको’ अशी सूचना असते आणि प्रोसेसर ती जवळपास वेळ न दवडता ओलांडतो. ट्रेसिंग सुरू केले, की त्या जागी नोंद घेणाऱ्या कोडला बोलावणारी सूचना लिहिली जाते. बंद केले, की पुन्हा नॉप. म्हणजे कर्नल चालू असतानाच स्वतःचा कोड बदलतो. एफट्रेसचे बळ यातच आहे आणि धोकाही यातच होता.

कमांड लाइनवरून हे कसे वापरतात?

वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. लागतात ते फक्त संगणकाच्या मुख्य वापरकर्त्याचे, म्हणजे ‘रूट’चे अधिकार. ‘/सिस/कर्नल/ट्रेसिंग’ या फोल्डरमध्ये काही फाइल दिसतात. त्या डिस्कवर नसतात, कर्नलशी बोलण्याच्या खिडक्या असतात. ‘करंट_ट्रेसर’ या फाइलमध्ये ‘इको’ कमांडने ‘फंक्शन’ हा शब्द लिहिला, की नोंदी सुरू होतात. ‘ट्रेस’ ही फाइल ‘कॅट’ने वाचली, की त्या पडद्यावर येतात. ‘फंक्शन_ग्राफ’ लिहिल्यास कोणी कोणाला बोलावले हे उतरंडीने दिसते आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत कळतो. १० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या ओळीपुढे अधिकचे, तर १०० हून जास्त घेणाऱ्या ओळीपुढे उद्गारचिन्ह येते.

सगळी फंक्शन्स एकदम नोंदवली, तर ओळींचा पूर येतो. त्यामुळे ‘सेट_एफट्रेस_फिल्टर’मध्ये हव्या त्या फंक्शन्सचीच नावे द्यायची, उदाहरणार्थ ‘टीसीपी’पासून सुरू होणारी. नोंदी ठरावीक आकाराच्या जागेत साठतात. ती भरली, की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, त्यामुळे मेमरी संपत नाही. काम झाल्यावर ‘करंट_ट्रेसर’मध्ये ‘नॉप’ लिहिले, की यंत्रणा पूर्ववत.

२००८ मध्ये काय बिघडले?

२.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांपैकी काहींचे इंटेलचे नेटवर्क कार्ड अचानक ओळखेनासे झाले. ही कार्डे ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर चालत. कार्डातील कायमस्वरूपी मेमरीत त्याचा पत्ता आणि सेटिंग असतात, तोच मजकूर बिघडला होता. संगणक पुन्हा सुरू करूनही उपयोग नव्हता. साहजिकच संशय ड्रायव्हरवर गेला आणि शोधही जिकिरीचा झाला, कारण प्रत्येक चाचणीत आणखी एक कार्ड जाण्याची भीती होती.

खरे कारण एफट्रेस निघाले. तेव्हाचे एफट्रेस फंक्शन चालले की त्याचा पत्ता टिपून ठेवी आणि नंतर त्या पत्त्यावर बदल करी. पण ड्रायव्हरसारख्या भागांतील काही फंक्शन्स सुरुवातीला एकदाच लागतात. ती चालून झाली, की त्यांची जागा मोकळी होते. ती जागा नंतर नेटवर्क कार्डाच्या मेमरीसाठी वापरली गेली. घरातला भाडेकरू बदलला, पण एफट्रेसच्या वहीत जुनेच नाव राहिले.

बदल करण्यापूर्वी तिथे अपेक्षित मजकूर आहे का, हे एफट्रेस तपासत असे. मात्र त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना मजकूर जुळला नाही, तरी जुनाच मजकूर परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या बाबतीत मात्र प्रत्येक लिखाण म्हणजे हुकूम असतो. तपासणीच घातक ठरली ती अशी.

त्यावर उपाय काय केला गेला?

२.६.२७ प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये कोड बदलण्याची ही सोय बंद करण्यात आली. इंटेलच्या ड्रायव्हरनेही कार्डाची मेमरी लिखाणापासून सुरक्षित केली. डिसेंबर २००८ मधील २.६.२८ मध्ये एफट्रेस नव्या पद्धतीने परतले. बदलायच्या जागांची यादी आता कर्नल तयार होतानाच बनते आणि सुरुवातीपुरती फंक्शन्स तेव्हा त्यातून वगळली गेली. बदलापूर्वी मजकूर नुसता वाचला जातो आणि जुळला तरच लिहिले जाते. अनपेक्षित काही आढळले, तर एफट्रेस स्वतःलाच बंद करून घेते.

सामान्य वापरकर्त्याला याचा काय उपयोग?

अँड्रॉइड ९ पासून फोनच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये ‘सिस्टीम ट्रेसिंग’ हा पर्याय मिळतो. फोन अडखळत असताना नोंद सुरू करून तयार झालेली फाइल ॲप बनवणाऱ्याला पाठवता येते. त्यातील कर्नलच्या नोंदी एफट्रेसकडूनच येतात. ‘ॲप हँग होते’ या मोघम तक्रारीऐवजी नेमका क्षण आणि नेमके कारण समोर ठेवता येते. मात्र अशा फाइलमध्ये फोनवर चालू असलेल्या इतर ॲपची नावेही असू शकतात. त्यामुळे ती अनोळखी व्यक्तीला पाठवू नये.

याच राखीव जागेचा आणखी मोठा उपयोग २०१५ मधील लिनक्स ४.० पासून होतो आहे. सदोष फंक्शन सुरू होताच त्या जागेवरून दुरुस्त फंक्शनकडे वळता येते. त्यामुळे सुरक्षेतील अनेक त्रुटी सर्व्हर बंद न करता बुजवता येतात. २००८ मध्ये ज्या जागेवर चुकीचे लिखाण होऊन कार्डे गेली, तशाच जागेवर आज चालू यंत्रणेची दुरुस्ती होते. बदलली ती तेथे लिहिण्यापूर्वी घेतली जाणारी काळजी.