सिग्नल बसण्याआधी

सकाळी ७.३०
पुण्याच्या कडेला नवा सिग्नल बसायचाय. टेप टाकली: स्टॉप लाइन येणार तिथे रस्ता ९ मीटर. पण डावीकडचे २ मीटर रिक्षांच्या रांगेत गेलेले.
एक रिक्षावाले काका विचारतात, "मॅडम, थांबा उठवणार का?"
"काका, चौक ओलांडून पलीकडे दिला तर?"
"बसस्टॉपजवळ द्या, म्हणजे झालं."
वहीत टिपून घेते.

सकाळी ९
इथे अजून सिग्नलची रांगच नाही, मग सॅच्युरेशन फ्लो मोजणार कुठून? हिरवा लागल्यावर रांग सुटताना स्टॉप लाइन ओलांडणाऱ्या वाहनांचा जास्तीत जास्त टिकणारा दर, तो हा. म्हणून अशाच धाटणीच्या जवळच्या चौकात उभ्या राहतो. ज्युनिअर दर ६ सेकंदांनी हाक देते, मी आकडे मांडते. फटींतून पुढे आलेल्या दुचाकी पहिल्या काही सेकंदांत झुंडीने सुटतात. मोटारी आणि बस मागून. रांग संपली की मोजणी बंद. नंतर तुरळक येणारी वाहनं धरली तर दर उगाच कमी दिसतो.

सकाळी ११.३०
ऑफिसात सगळी वाहनं पीसीयूत, म्हणजे मोटारीच्या मापात, बदलते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९३ : १९८५ मधलं, ब्रिटनच्या वेबस्टर यांच्या कामातून आलेलं सॅच्युरेशन फ्लोचं सूत्र सोपं आहे: रुंदीचे मीटर गुणिले ५२५. ९ मीटरला तासाला ४७२५ पीसीयू, ७ मीटरला ३६७५. सिग्नलच्या १२० सेकंदांच्या सायकलमध्ये (एका फेरीत) ३० सेकंद ग्रीन मिळालं तर क्षमता पहिल्या हिशेबाने ११८१, दुसऱ्याने ९१९. सकाळची मोजणीही दुसऱ्याच आकड्याच्या बाजूने बोलते.

दुपारी ३
सर विचारतात, "ड्रॉइंगवर ९ आहे ना?"
"आहे सर, पण वाहनांना ७च मिळतात."
अंदाज फुगवला तर ग्रीन अपुरं पडतं, उरलेली रांग पुढच्या फेरीत जाते आणि लोक लाल तोडतात. फार कमी धरला तर सायकल लांबते आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजी-आजोबांना ताटकळावं लागतं. दोन्ही चुका माणसांनाच भोवतात.

संध्याकाळी ५.३०
अहवालात लिहिते: आज सॅच्युरेशन फ्लो ३६७५ धरावा, रिक्षा थांबा बसस्टॉपजवळ हलवला तरच ४७२५. सिग्नल सुरू झाल्यावर महिन्याभरात इथलीच रांग मोजून वेळा पुन्हा ठरवाव्यात. नव्या चौकाचा पहिला आकडा अंदाजच असतो, त्यामुळे फेरमोजणीचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा. ती ओळ मी ठळक करते.