प्रत, नक्कल आणि कुलूप

या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण शाळेकडून आले तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. विषय घरातच, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेला होता. माझा नातू संगणकशास्त्र शिकतो. खेळ, आज्ञावल्या, त्यांच्या प्रती या सर्वांविषयी त्याची मते ठाम आहेत आणि ती तो न विचारताही सांगतो. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "आजोबा, मी एखादी वस्तू घेतली आणि तुमच्याकडची जशीच्या तशी राहिली, तर तिला चोरी कसं म्हणायचं?" प्रश्न पोरकट वाटला, पण रात्री झोप लागेना. माझी सारी उमेद हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहण्यात गेली. प्रत करणाऱ्यांच्या चुकांवर मी डॉक्टरेट मिळवली, असे माझी पत्नी चारचौघांत सांगत असे, आणि ते खोटे नव्हते. तेव्हा प्रत म्हणजे काय, हे ठाऊक नसल्याचा बहाणा मला करता येणार नव्हता.

छपाई येण्यापूर्वी ग्रंथ जगत असे तो प्रतींच्या बळावर. लेखक एकदा लिही, पुढे शेकडो हात त्याची नक्कल करीत, आणि प्रत्येक हात काहीतरी चुके. एखादी ओळ डोळ्यांतून निसटे, एखादा अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाने बदलला जाई, समासातील टीप मूळ मजकुरात शिरे. या चुकांचा एक उपकार असतो. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली तर त्या दोघींची आई एक, असे अनुमान करता येते, आणि अशा अनुमानांतून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची आणि आमच्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पायाशी हीच चुकांची विद्या आहे. त्याही आधी, शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि तीत कोणी आपल्या पदरची भर घालू नये अशी ताकीदही दिली. लक्षात घेण्यासारखे हे, की नाथांनी नक्कल करू नका असे म्हटले नाही. नक्कल करा, पण बिघडवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

संगणकाने या विद्येच्या मुळावरच घाव घातला. माझा प्रबंध टंकलेखकाने कार्बन घालून चार प्रतींत काढला होता; पहिली ठसठशीत, चौथी इतकी पुसट की परीक्षकांनी ती भिंगातून वाचली असावी. ध्वनिफितीवरून ध्वनिफीत केली की गाण्यामागचा खरखराट वाढत जाई. संगणकात असे होत नाही. तेथे अक्षर काय, चित्र काय, सूर काय, सर्व शून्य आणि एक या दोनच अंकांत मांडलेले असते. विजेचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी यंत्राला एवढेच ठरवायचे असते, की हा शून्याच्या जवळ आहे की एकाच्या. ठरले की पुढची प्रत पुन्हा स्वच्छ शून्याने वा एकाने सुरू होते. मधला मळ पुढे जात नाही. शिवाय राखण असते ती वेगळीच. समजा, सात अंक आहेत, १०००००१. यांत एक हा अंक दोनदा, म्हणजे समसंख्येने आला आहे, म्हणून आठवा अंक शून्य लिहायचा. विषम असता तर एक लिहायचा. वाटेत कोणताही एक अंक उलटला की बेरीज विषम होते आणि चूक झाली हे कळते. ती कोठे झाली हेही शोधून दुरुस्त करण्याची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. आमच्या जुन्या लेखनिकांना ही युक्ती ठाऊक असती तर माझी पदवी हुकली असती.

याचा परिणाम असा, की हजारावी प्रत पहिलीइतकीच खरी असते आणि तिला खर्च जवळपास काहीच येत नाही. 'मूळ प्रत' या शब्दाला अर्थच उरत नाही. मग ज्याने ती वस्तू निर्माण केली त्याने पोटापाण्यासाठी काय करावे?

हे भांडण संगणक घरी येऊ लागला तेव्हापासूनचे आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत आल्टेर नावाचा छोटा संगणक हौशी लोक घेऊ लागले. त्याच्यासाठी बिल गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक ही भाषा लिहिली. ती कागदी फितीवर भोके पाडून दिली जाई. एका प्रात्यक्षिकाच्या वेळी अशी एक फीत कोणीतरी उचलली आणि कॅलिफोर्नियातील हौशी मंडळाच्या बैठकीत तिच्या प्रती वाटल्या गेल्या; अट एवढीच, की एक नेणाऱ्याने पुढच्या खेपेला दोन आणाव्यात. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी या मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. संगणक घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा भाषा विकत घेतलेली नाही आणि आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. पुढे ते जगातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले, म्हणून त्या पत्रातील दुखणे खोटे ठरत नाही. उलट बाजूला रिचर्ड स्टॉलमन उभे राहिले. आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा प्रत्येकाला असली पाहिजे, या आग्रहाने त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. नातवाचे दैवत अर्थात हे दुसरे.

विक्रेत्यांनी पत्रावर भागले नाही तेव्हा कुलपे घातली. फ्लॉपीवर मुद्दाम एखादा भाग असा बिघडवून ठेवीत की साध्या नकलेत तो उतरत नसे, आणि आज्ञावली सुरू होताना तोच बिघाड शोधी. खेळांत आणखी मौज होती. जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ मध्ये आला. त्याच्या पीसीवरील आवृत्तीत पहिला टप्पा संपला की राजपुत्र अक्षरे लिहिलेल्या कुप्यांच्या दालनात येई. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल तीच त्याने प्यायची. पुस्तिका नसेल तर राजपुत्र मेला. आमच्या शहरातील मुलांकडे पुस्तिका कोठून असणार? नव्वदीच्या दशकात तो खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत घरोघर पोचला होता. माझ्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पान, ओळ, शब्द आणि अक्षर यांचे एक कोष्टक मी पाहिले होते आणि ते रसायनशास्त्राचे असावे अशी माझी समजूत झाली होती.

या खेळाची पुढची हकीकत मात्र विचार करायला लावणारी आहे. त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे मेकनर यांनी स्वतः लिहिलेला मजकूर, कित्येक वर्षे हरवला होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना कपाटात जुन्या फ्लॉपींची पेटी सापडली. तोवर अशा फ्लॉपी वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली होती. जुन्या संगणकांच्या जाणकारांनी यंत्र जमवून तो मजकूर सोडविला आणि मेकनर यांनी तो सर्वांसाठी खुला केला. कर्त्याकडे मूळ नव्हते त्या वर्षांत खेळ जगला तो लोकांपाशी राहिलेल्या प्रतींत, आणि त्यांतल्या कितीतरी न विचारता केलेल्या होत्या.

कुलूप ही गोष्ट आम्हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवी नाही. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अशी साधारण तिची रीत. परक्यांच्या हाती ग्रंथ पडू नयेत हा हेतू असावा, असे सामान्यतः मानतात. परिणामी मराठी गद्याचे आद्य लेणे असलेले 'लीळाचरित्र' पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके ठाऊकच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे पुन्हा लिहावी लागली. परंतु येथे एक भेद आहे. पंथाचे कुलूप सहाशे वर्षे टिकले, कारण किल्लीही टिकली. ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. व्यापारी कंपनीला अशी शिष्यपरंपरा नसते. ती बंद पडते, विकली जाते, नाही तर तिला जुन्या मालात रस उरत नाही, आणि कुलूप मात्र लावलेलेच राहते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे या शाळेतील शेवटचे भाषण १९९७ साली झाले. छापील पुस्तिकेत जागेअभावी ते निम्मेच आले. संपूर्ण भाषण अक्षरजुळणी करणाऱ्याने फ्लॉपीवर ठेवले होते आणि ती फ्लॉपी शाळेने जपली होती. २०२१ मध्ये सर्व व्याख्यानांचा एकत्र ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा ती उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा ढिगारा उमटला. त्या काळी प्रत्येक मराठी टंकप्रणाली देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या मर्जीप्रमाणे बसवीत असे. सरकारी प्रमाण १९९१ मध्ये आले होते, युनिकोडमध्येही देवनागरीला त्याच वर्षी जागा मिळाली होती. पण छापखान्यांतला व्यवहार आपापल्या सोयीने चाले. ज्या प्रणालीत हे भाषण जुळविले होते ती चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे, छपाईयंत्राच्या खोबणीत, अंगठ्याएवढे एक कुलूप लावावे लागे. कुलूप हरवले होते, आणि नव्या संगणकांना ती खोबणीही नव्हती. विक्रेत्याला दोन पत्रे पाठविली. उत्तर आले नाही.

शेवटी शाळेचाच एक माजी विद्यार्थी धावून आला. तो तेव्हा त्या छापखान्यात जुळणीचे काम करी. कुलूप बिघडले तर काम अडू नये म्हणून कोणीतरी कुलूप काढून टाकलेली त्या प्रणालीची प्रत त्याने घरी ठेवली होती. "सर, हे तसं नियमात बसत नाही," असे तो दारातच चप्पल काढता काढता म्हणाला. तीन दिवसांत भाषण वाचता येऊ लागले. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी नोंदलेली असे, युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. म्हणून रूपांतरानंतरही प्रत्येक वेलांटी आणि रफार हाताने तपासावा लागला. पुन्हा पाठभेद, पुन्हा भिंग. मला मात्र त्या तीन आठवड्यांत चाळीस वर्षांनी लहान झाल्यासारखे वाटले. भाषणाच्या न छापलेल्या अर्ध्या भागात गुरुजी सीमेबाहेरच्या मराठी शाळांविषयी जे बोलले आहेत, ते आता ग्रंथात आले आहे.

तो विद्यार्थी गुन्हेगार काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी संगणकाच्या आज्ञावलीला ग्रंथाप्रमाणे संरक्षण दिले आणि त्याबरोबर, जो ती कायदेशीरपणे बाळगतो त्याला नाशापासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभाही दिली. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप फोडणे हा अपराध ठरविला, पण तो हक्कभंगाच्या हेतूने फोडले असेल तर. छापखान्याने प्रणाली विकत घेतली होती, विद्यार्थ्याने नव्हे. माझ्या वकील मित्राने सर्व ऐकून मान हलविली, ती कोणत्या अर्थाने हे मला समजले नाही.

नातवाला ही हकीकत सांगितली तेव्हा तो जिंकल्यासारखा हसला. मी त्याला दुसरी हकीकत सांगितली. व्याकरणावरचे माझे एक छोटे पुस्तक महाविद्यालयाच्या दारातील झेरॉक्सच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळे. दुसरी आवृत्ती निघालीच नाही, कारण पहिलीचे गठ्ठे प्रकाशकाकडे पडून राहिले. माझ्याकडची वस्तू जशीच्या तशी राहिली होती, हे खरे. पण नवे प्रकरण लिहून तयार होते, ते खणातच राहिले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आजोबा, दुसरी आवृत्ती निघाली नाही, मग आज ते पुस्तक कोणाकडे आहे?" ते बहुधा त्या झेरॉक्स प्रतींतच आहे.

आता तर प्रत हाती देण्याची पद्धतच मोडत चालली आहे. २०१४ मध्ये विकलेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपल्याकडील यंत्रणा बंद केल्याबरोबर पैसे मोजलेल्या सर्वांसाठी संपला. कॅलिफोर्निया राज्याने त्यानंतर कायदा केला. २०२५ पासून तेथे असा माल विकताना ही मालकी नव्हे, केवळ वापराचा परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. २०२३ च्या एका अमेरिकी पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. खेळ क्षुल्लक, असे म्हणणाऱ्या माझ्या पिढीला मी एवढेच विचारीन, की लावण्यांनाही कधी काळी असेच म्हणत नव्हते काय?

शाळेच्या कपाटात १९९६ ते २००२ या काळातील फ्लॉपींच्या दोन पेट्या अजून उघडायच्या आहेत. त्यांवर बुरशी चढू लागली आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर चालू स्थितीत फ्लॉपी वाचणारा जुना संगणक असेल, किंवा त्या काळच्या टंकांची प्रत असेल, मग ती कशीही मिळविलेली असो, त्यांनी कृपया कार्यालयात माझ्या नावे निरोप ठेवावा.