कुंडीतील सुगंध आणि कुंडीखालची बशी

सुश्रुतांनी कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगून पार्वतीय मशकाचा दंश प्राणहर कीटकांच्या तोडीचा मानला आहे. आजचा डेंग्यूवाहक एडिस त्या पंक्तीत सहज बसावा. त्याच्या निवारणार्थ रुग्ण दारी तुळस, गवती चहा, सिट्रोनेला लावतात. परंतु अखंड पानातील सुगंधी तैल पानातच राहते. चुरडल्यावाचून ते पुरेसे उडत नाही. काढलेले सिट्रोनेला तैलही त्वचेवर एक-दोन तासांत निष्प्रभ होते, हे औषधविक्रेत्यांनी ग्राहकास आवर्जून सांगावे. कुंडीखालच्या बशीत मात्र एडिसची मादी अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत डास उडू लागतात. बशी दर आठवड्यास घासूनच काढावी. नुसते पाणी ओतल्याने कडेस चिकटलेली अंडी जात नाहीत, ती कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात.