पंपाची चीर बुजवताना घाई नको

कृष्णाकाठी काय नि माणदेशात काय, पिकाची पाळी तोंडावर आली की नेमकी पंपाच्या बॉडीला चीर दिसते. मग दोन ट्यूबांचा अ‍ॅराल्डाइट आणून लावतात, दोन तासांत मोटार चालू करतात आणि रातोरात लेप सुटतो. लेपाला आपण वेळच दिलेला नसतो.

एका ट्यूबमध्ये राळ असते, दुसरीत हार्डनर. हा चिकटा नुसता वाळत नाही. दोघांचे कण एकमेकांत गुंफून कायमचे जाळे होते. गूळ पुन्हा पातळ होतो, पण भाजल्या विटेचा चिखल होत नाही, तसे हे. हार्डनर जादा घातला की लवकर आवळतो, हा समज खोटा. जोडीदार न मिळालेले कण तसेच राहतात नि सांधा कच्चा पडतो. ट्यूबवरचे प्रमाण पाळा; नेहमीच्या प्रकारात ते समसमान असते. रंग एकसारखा होईतो घोटा, मात्र उघड्या हाताने नको, कातडीला खाज सुटते.

आधी गंज, तेल, रंग खरवडून बॉडी कोरडी करा. ओल्यावर लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

लागेल तेवढेच कालवा. गुंफताना उष्णता निघते, म्हणून मोठा गोळा वाटीतच आवळतो. लावल्यावर 24 तास मोटार बंद. वाई-महाबळेश्वरकडच्या थंडीत त्याहून जास्त. तिथे जवळ दिव्याची ऊब द्यावी, शेकोटीची आच नको.

ठिबकच्या पॉलिथिन नळ्यांना हा चिकटत नाही, तिथे जोडणीच घाला. आणि चीर बोल्टापर्यंत गेली असेल तर लेपाच्या नादी न लागता बॉडी सरळ कारागिराकडे न्या.