आतड्याचा कॅन्सर : स्कॅन की दुर्बीण?

शौचावाटे रक्त जातंय, पोटाचं वेळापत्रक बिघडलंय, असं सांगितलं की डॉक्टर म्हणतात, "दुर्बीण घालून बघू." रुग्णाचा चेहरा उतरतो. "त्यापेक्षा स्कॅन काढला तर नाही चालणार?"

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधल्या २१ रुग्णालयांत त्याचा रीतसर छडा लावला गेला. 'सिगार' नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. लक्षणं असलेले, ५५ वर्षांवरचे सुमारे १,६०० रुग्ण. कोणाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करायची आणि कोणाची सीटी कोलोनोग्राफी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. कॅन्सर किंवा एक सेंटिमीटरपेक्षा मोठे कोंब, म्हणजे पॉलिप, दोन्ही गटांत साधारण ११ टक्के जणांना सापडले.

सीटी कोलोनोग्राफी म्हणजे पोटाचा नेहमीचा स्कॅन नव्हे. मिटलेल्या आतड्यात गाठ सहज लपते. म्हणून गुदद्वारातून बारीक नळी घालून कार्बन डायऑक्साइड वायूने आतडं फुगवतात, रुग्णाला उताणं आणि पालथं झोपवून, श्वास रोखायला लावून चित्रं घेतात. भूल लागत नाही, आतडं फाटण्याचा धोका कमी. पोट साफ करण्याच्या औषधातून मात्र बहुधा इथेही सुटका नाही!

मग अडतं कुठे? स्कॅन नुसता बघतो. कोलोनोस्कोपच्या नळीतून चिमटा आत जातो, संशयित जागेचा तुकडा बायोप्सीसाठी काढता येतो, पॉलिप तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे कापता येतो. ब्रिटनच्या त्या चाचणीत दुर्बिणीनंतर आतड्याची आणखी तपासणी ८ टक्के जणांना करावी लागली. स्कॅननंतर ३० टक्के जणांना. त्यात स्कॅनमध्ये मूत्रपिंड, यकृतही दिसतं, आणि तिथलं काही निरुपद्रवी सापडलं तरी नव्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं.

म्हणून कॅन्सरचा दाट संशय असेल तर सरळ दुर्बीणच बरी, असं माझं मत. वय झालेलं, प्रकृती तोळामासा, किंवा वाटेत अडथळा असल्याने दुर्बीण पुढे सरकतच नाही, अशांसाठी स्कॅन हा चांगला पर्याय आहे. कॅन्सर ठरल्यावर तो यकृत-फुफ्फुसांत पसरलाय का, हे बघायला तर स्कॅन लागतोच.

दोन्हींपैकी काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण रक्त दिसतंय ते मूळव्याधीचंच, असं घरच्या घरी ठरवून दिवस काढू नका.