टर्बाइनचे तास

व्यवसाय कोणताही असो, त्याच्या उंबरठ्यावर नवख्याला एक जुने कोडे भेटते. अनुभव नाही म्हणून काम मिळत नाही, आणि काम मिळत नाही म्हणून अनुभव येत नाही. हेलिकॉप्टर चालवू पाहणाऱ्या तरुणापुढे हे कोडे अधिकच बिकट होते. कारण त्याचा अनुभव तासांनी मोजला जातो आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. हा व्यवसाय अमेरिकेत मोठा आहे, आणि परदेशांतले विद्यार्थीही तिथे शिकावयास जातात. म्हणून तिथलेच उदाहरण घेऊ.

नवशिके तिथे बहुधा दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, इंजिनावर चालणाऱ्या लहान हेलिकॉप्टरवर शिकतात. फ्रँक रॉबिन्सन यांनी रचलेले आणि १९७९ साली मान्यता मिळालेले दोन आसनांचे 'आर-२२' हे त्यांतले विशेष परिचित. परंतु समुद्रातील तेलविहिरींवर कामगार पोचविणे, रुग्ण हलविणे, ही पोटापाण्याची कामे मुख्यतः टर्बाइनची हेलिकॉप्टरे करतात. टर्बाइनमध्ये दट्ट्याची ये-जा नसते. हवा दाबली जाते, तीत इंधन अखंड जळत राहते आणि तप्त वायूच्या झोताने चक्रे फिरतात. बेल कंपनीच्या 'जेटरेंजर'मध्ये प्रारंभी बसविलेले ॲलिसन इंजिन जेमतेम ६५ किलो वजनाचे होते. तरी ते तीनशेहून अधिक अश्वशक्ती देई.

मात्र एवढी उष्णता सोसणारी चक्रे घडविणे खर्चाचे काम आहे. शिवाय इंजिन सुरू करतानाच हात चुकला, तर काही सेकंदांत तापमान मर्यादेपलीकडे जाते आणि मालकास मोठ्या दुरुस्तीचा भुर्दंड पडतो. असे यंत्र नवख्याच्या हाती स्वस्तात कोण देईल?

अमेरिकेत व्यावसायिक परवान्यासाठी साधारणतः १५० तासांचे उड्डाण पुरते. पण परवाना म्हणजे नोकरी नव्हे. ग्रँड कॅन्यनवरून पर्यटकांना फिरविणाऱ्या किंवा मेक्सिकोच्या आखातातील तेलफलाटांवर जाणाऱ्या कंपन्या बहुधा हजार तासांच्या आसपास अनुभव मागतात, आणि या आकड्यामागे कायद्यापेक्षा विमा कंपनीच्या अटी अधिक असतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे हजार तास बहुधा एकूण उड्डाणाचे असतात; ते सारे टर्बाइनचेच हवेत असे नाही. तेवढा अनुभव असलेल्या वैमानिकास टर्बाइन शिकविण्याचा खर्च कंपनी पुष्कळदा स्वतः सोसते. तात्पर्य, टर्बाइनचा सर्वांत स्वस्त तास तो, जो आपण विकत घेत नाही.

मग मधले साडेआठशे तास आणावयाचे कोठून? रूढ वाट शिक्षकाची आहे. शिकविताना इंधनाचा भार विद्यार्थी उचलतो, तास शिक्षकाच्याही नोंदवहीत चढतो आणि वर थोडे वेतनही मिळते. पण ही वाट स्वस्त असली तरी सोपी नव्हे. लहान हेलिकॉप्टरची पाती हलकी असल्याने त्यांची गती क्षणात घटते. विद्यार्थ्याची चूक सावरण्यास शिक्षकाला सेकंद-दोन सेकंदच मिळतात. अपघातांमुळेच १९९५ साली अमेरिकन शासनाने या हेलिकॉप्टरांसाठी प्रशिक्षणाचे विशेष नियम केले. दुसरी वाट सैन्याची. तिथे शिक्षणाचा खर्च शासन करते. मोबदल्यात वैमानिकास दहा वर्षे सेवा द्यावी लागते. पैसे देऊनच टर्बाइन शिकावयाचे असेल, तर नोकरी दृष्टिपथात आल्यावर मोजक्या तासांचा ओळखवर्ग करावा. २०१० साली मान्यता मिळालेल्या टर्बाइनच्या 'आर-६६'मुळे ही सोय काहीशी आवाक्यात आली आहे. परंतु केवळ आकडा फुगविण्यासाठी कर्ज काढून शेकडो तास घेणे शहाणपणाचे नाही.

दोन धोके सांगितलेच पाहिजेत. २००८ साली नेवाडा राज्यातील एक मोठी हेलिकॉप्टर-शाळा एकाएकी बंद पडली. अनेकांनी कर्ज काढून संपूर्ण शुल्क आगाऊ भरले होते. शिक्षण अर्धवट राहिले आणि कर्ज मात्र मानेवर बसले. म्हणून जितके उड्डाण होईल तितकेच पैसे द्यावेत. दुसरा धोका स्वतःच्या लेखणीचा. न केलेले उड्डाण नोंदवहीत लिहिणे हा गुन्हा तर आहेच; पण मागे बसलेले प्रवासी त्या खोट्या तासांवर आपले प्राण सोपवितात, हे अधिक भयंकर.

आपल्याकडे परिस्थिती थोडी निराळी आहे. नागरी हेलिकॉप्टरांवरील पुष्कळसे वैमानिक सैन्यदलांतून, टर्बाइनचा अनुभव घेऊनच येतात. मुंबईच्या जुहू विमानतळावरून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे उड्डाणे होतात. अशा कामात दोन वैमानिक असतात, आणि सहवैमानिकाचे आसन ही नवख्याची खरी शाळा ठरते. तिथे प्रवेश मात्र कठीण, आणि जागा थोड्या.

म्हणून पालकांनी व तरुणांनी हिशेब परवान्यापाशी थांबवू नये. परवाना मिळाल्यापासून पहिली टर्बाइनची नोकरी मिळेपर्यंतची दोन-चार वर्षे कशी काढणार, हा प्रश्न पहिले शुल्क भरण्यापूर्वीच विचारावा. एक तास किती रुपयांना पडला, हे महत्त्वाचे खरेच. पण इंजिन अचानक थांबले असता हात योग्य दिशेने जावा एवढे तो तास शिकवून गेला की नाही, हे त्याहून महत्त्वाचे.