सुन्न झालं म्हणजे बरं झालं?

आठवड्यातून तीनदा अमरावती-अकोला अपडाऊन, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि संध्याकाळी बॅडमिंटन. माझा उजवा खांदा एक दिवस बोंबलणार, हे ठरलेलंच होतं. शर्ट घालताना हात वर जाईना, त्या कुशीवर झोप येईना. बाबा म्हणाले, ‘‘काहून सहन करून रायला? एक सुई घेऊन टाक ना बाप्पा!’’

घेतली. संध्याकाळी पाचला इंजेक्शन आणि पाच मिनिटांत हात थेट वर! डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता. पण १९१४ पासून एचव्हीपीएमचा आखाडा असलेल्या गावचा मी. सहाला कोर्टवर हजर. दोन गेम जिंकलो. रात्री नऊला मात्र खांदा असा ठणकायला लागला, की दुसऱ्या दिवशी अकोल्याऐवजी पुन्हा दवाखाना.

‘‘दुखणं थांबलं होतं, सूज नाही,’’ डॉक्टर म्हणाले. सिरिंजमध्ये दोन औषधं होती. पहिलं लिग्नोकेन, दाताच्या डॉक्टरकडचं तेच. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं हे औषध नसांमधून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप थोपवतं. काही मिनिटांत लागू, तास-दोन तासांत गायब. दुसरं स्टेरॉईड. सूज उतरवणारं खरं औषध हेच, पण त्याला काही दिवस लागतात. मी नेमका मधल्या वेळात फसलो!

मग सुन्न करायचंच कशाला? एक तर टोचणं सुसह्य होतं. दुसरं म्हणजे दुखणं लगेच थांबलं, तर सुई नेमक्या जागी पोचल्याचं डॉक्टरांना कळतं. स्नायूंत गाठी आल्या असतील, तर कधी कधी नुसतं लिग्नोकेनही देतात.

पण दर महिन्याला ‘मार एक सुई’ नको. सांध्यातल्या कूर्चेला ही औषधं जास्त झाली तर मानवत नाहीत. ऑपरेशननंतर पंपानं सांध्यात सतत भुलीचं औषध सोडण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं २००९मध्ये इशारा दिला होता. एखाद्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी, पण हिशेब ठेवायला हवा.

सुई घेण्याआधी एवढं कराच :
* डायबिटीस, ॲलर्जी, ताप, रक्त पातळ करायच्या गोळ्या... सगळं सांगा. स्टेरॉईडनं काही दिवस शुगर वाढू शकते.
* टोचल्यावर ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात गुंईऽऽ वाजलं, तर लगेच बोला.
* नंतर फिजिओथेरपी चुकवू नका.

आणि हो, रॅकेट घरीच ठेवा. माझी सध्या कपाटावर आहे, हात पोचणार नाही अशा जागी!